फोनवर काय विचारावे?

प्रश्न : रस्त्यावरील मदतसेवेत मी नुकताच सुपरवायझर झालो. व्हील-लिफ्ट (दोन चाके उचलून ओढणारी) पाठवावी की फ्लॅटबेड (अख्खी गाडी पाठीवर नेणारी), हे फोनवरच कसे ठरवायचे? चुकीची गाडी गेली की दोन तास वाया जातात.
— एक वाचक, खोपोली

उत्तर : फक्त ‘इनोव्हा आहे’ एवढ्यावर थांबू नका. क्रिस्टाला इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर मिळते, हायक्रॉसला पुढच्या. ऑटोमॅटिक क्रिस्टाची पुढची चाके उचलून ओढली, तर मागची फिरत राहतात. पण इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्समधला तेलपंप चालत नाही. न्यूट्रलमध्येही आतले भाग कोरडे घासून जळतात, आणि दुरुस्तीचा खर्च टोइंगच्या बिलाच्या कितीतरी पट होतो. अशा गाडीला, तसेच चारही चाकांवर चालणाऱ्या आणि इलेक्ट्रिक गाडीला सरळ फ्लॅटबेड. इलेक्ट्रिकची चाके फिरली की मोटर वीज तयार करू लागते, म्हणून थोडे अंतरही ओढू नये.

पुढचा प्रश्न हँडब्रेकचा. बटणाचा असेल आणि बॅटरी उतरली असेल तर तो सुटत नाही. जंप स्टार्टर सोबत द्या. तरीही नाही सुटला तर चाकांखाली स्केट्स, म्हणजे अडकलेले चाक सरकवायची साधने. घसटत चढवू देऊ नका, टायर आणि जोडण्या दोन्ही जातात.

टो-हुक, म्हणजे गाडी ओढण्यासाठी तिला बसवायचा हुक, बहुधा स्टेपनीजवळच्या हत्यारांत असतो. तो पूर्ण आवळल्याशिवाय विंच (दोर गुंडाळून गाडी वर ओढणारे यंत्र) लावायची नाही, आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही. यावर मात्र रोज कडक राहा. चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो, मग चारही चाकांना पट्टे.