क्रॅप्स या दोन फाशांच्या जुगारात फासे चोख असूनही कॅसिनो फायद्यात कसा राहतो?

याचे उत्तर फाशांत नसून जिंकल्यावर मिळणाऱ्या रकमेत आहे. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ मध्ये बेरीज सात येते, म्हणून ‘एनी सेव्हन’ या पैजेवर एकास पाच मिळायला हवेत. प्रत्यक्षात एकास चारच मिळतात. दर फेकीला एक नाणे लावल्यास ३६ फेकींत सरासरी ३० नाणी जातात, २४ मिळतात आणि लावलेल्या ३६ नाण्यांत कॅसिनोचा वाटा ६, म्हणजे १६.६७ टक्के होतो. ही पैज माझ्या मते कोणीही लावू नये. फासे फेकणारा जिंकेल अशा ‘पास लाइन’ या मूळ पैजेवर हाच वाटा १.४१ टक्के असतो. ‘पॉइंट’ (सातच्या आधी पुन्हा यावी लागणारी बेरीज) ठरल्यावर तिच्या जोडीला लावता येणाऱ्या ‘ऑड्स’ पैजेत परतावा खऱ्या शक्यतेइतकाच असल्याने वाटा शून्य असतो, मात्र पास लाइनवर आधी पैसे लावल्याशिवाय ही सवलत मिळत नाही.