पंचायत समितीला माल देतोस, तर आधी पोच घे

भाऊ, शाळेची बाकं बनवून द्यायची ऑर्डर मिळाली, लय आनंद झाला. पण गाडी भरायच्या आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घे. नंतरची नोंदणी आधी दिलेल्या मालाला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं होतं.

२००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा सरकारी खात्यालाही बांधतो. करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ.

पण दिवस मोजायला तारीख हातात पाहिजे. चालानच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही घेतल्याशिवाय गाडी परत आणू नको. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या’ म्हणाले तरी तिथंच बस. त्या तारखेपासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं कायदा धरतो.

‘ग्रँट आली नाही’ ही सबब कायद्यात कुठंच नाही. पैसे अडले तर सुविधा परिषदेकडे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज कर.

नाली, रस्ता, सभामंडपाची कामं मात्र मुंबई उच्च न्यायालयानं यातून बाहेर ठेवली आहेत. मला ते पटत नाही, गावचा छोटा ठेकेदार तिथंच अडकतो. तशी कामं घेशील तेव्हा निविदेतली बिलाची अट आधी वाच.