एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादा) जवळपास भरलेली असतानाही संघ महागडा खेळाडू ट्रेडमध्ये (दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून) घेतात कसे?

मुख्य मार्ग म्हणजे पगाराचा काही भाग जुन्या संघाच्याच खात्यावर ठेवायचा. खेळाडू देणारा संघ ५० टक्क्यांपर्यंत भार उचलू शकतो, म्हणजे ८० लाख डॉलरचा खेळाडू नव्या संघाच्या कॅपमध्ये ४० लाखांना बसतो. हे फुकट कोणी करत नाही. बदल्यात ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याची पाळी) किंवा एखादा होतकरू पोरगा सोडावा लागतो. शिवाय एका वेळी असे तीनच करार ठेवता येतात, त्यामुळे त्या जागेलाही भाव असतो.

दुसरी वाट दीर्घ दुखापतींच्या यादीची. २०२०-२१ मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे साखळीत एकही सामना खेळला नाही. तो या यादीत असल्याने त्याच्या ९५ लाख डॉलरच्या जागी संघाला इतरांवर खर्च करता आला. साखळीनंतरच्या प्लेऑफला (विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांना) तेव्हा कॅपच नव्हती. तो परतला, ३२ पॉइंट्स (गोल आणि असिस्ट मिळून) काढले आणि विजेतेपदाचा स्टॅन्ली कप टँपानेच राखला. नियमात बसत होतं, पण बाकीच्या संघांवर तो अन्यायच होता, असं माझं ठाम मत आहे. २०२५-२६ पासून प्लेऑफमध्येही प्रत्यक्ष सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूंची बेरीज कॅपच्या आत बसवावी लागते.