तीव्र आम्ल आणि संहत आम्ल: गोंधळ कसा सोडवावा?

प्रश्न: मुलगी अकरावी विज्ञानला आहे. रसायनशास्त्राचे व्हिडिओ खूप पाहते, तरी तीव्र आम्ल आणि संहत आम्ल यांतला फरक विचारला की अडखळते. नेटवर काय वापरावं?

उत्तर: व्हिडिओ पाहताना सगळं कळल्यासारखं वाटतं. आकडे स्वतः बदलून पाहिल्याशिवाय हा गोंधळ जात नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत संकेतस्थळावर आम्ल-आम्लारी द्रावणांचं सिम्युलेशन आहे, ते उघडा. संहती (ठरावीक द्रावणात किती आम्ल आहे ते) 0.01 मोलर, म्हणजे लिटरमागे 0.01 मोल ठेवून तीव्र आम्ल (पाण्यात जवळजवळ पूर्णपणे आयनांत फुटणारं) निवडा. सामू (pH) 2 येतो. संहतीला हात न लावता सौम्य आम्ल (थोडंच आयनांत फुटणारं) घ्या. विचरण स्थिरांक (आम्ल किती फुटतं ते सांगणारा आकडा) 10⁻⁷ असेल तर सामू 4.5. मग पुन्हा तीव्र आम्ल घेऊन संहती 0.001 करा: सामू 3. म्हणजे विरल (कमी संहतीचं) असूनही आम्ल तीव्रच राहिलं! प्रत्येक वेळी उत्तर आधी वहीत लिहायला लावा, नाहीतर तो नुसता खेळ होतो. संहती आणि तीव्रता यांचे दोन्ही स्लायडर एकदम हलवले तर सामू कशामुळे बदलला ते कळत नाही. आलेखाची पट्टी लॉगॅरिदमिक (दर टप्प्याला दहापट वाढणारी) आहे, त्यामुळे सौम्य आम्लाचे आयन दिसतात त्याहून फारच कमी असतात.

टायट्रेशनसाठी (ज्ञात द्रावण थेंबाथेंबाने घालून दुसऱ्याची संहती काढण्यासाठी) ‘ओलॅब्स’ ही ऑनलाइन प्रयोगशाळा पाहायला हरकत नाही, पण क्रम समजण्यापुरतंच. ब्युरेटच्या (द्रावण सोडायच्या खुणा केलेल्या नळीच्या) तोटीखाली अडकलेला हवेचा बुडबुडा मध्येच सुटला की वाचन जास्त येतं. तो ओळखायला प्रयोगशाळेतच उभं राहावं लागतं.