विदर्भातल्या उन्हात आफ्रिकन व्हायोलेटची नवी जात घरी काढता येईल का? पानं-फुलं दोन्ही वेगळी हवीत.

येईल, पण दोन झाडांचा संकर ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. मे महिन्यात झाड जगवणंच कठीण. पानावर पांढरी नक्षी हवी तर तसलं झाड मादी (म्हणजे बी धरणारं) घ्या, हा गुण बहुधा आईकडूनच येतो. मादी झाडाचं फूल उमलताच त्यातल्या परागाच्या पिवळ्या पिशव्या काढा. तीन-चार दिवसांनी नर (म्हणजे पराग देणाऱ्या) झाडाच्या फुलातली पिशवी ब्लेडने चिरून आतली भुकटी मादी फुलाच्या मधल्या दांडीच्या टोकाला लावा. न चिरता घासलं तर बियांचं बोंड क्वचितच धरतं.

बोंड पिकायला 4 ते 6 महिने, वाळल्यावरच तोडा. तोवर उन्हाळा येतो, म्हणून बी फ्रिजमध्ये ठेवा, पावसाळ्यानंतर ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भुरभुरा. झाकायचं नाही, उगवायला उजेड लागतो.

निळा-गुलाबी संकर केला तर पहिली पिढी बहुधा निळीच. गुलाबीसाठी त्याच पिढीतली झाडं आपसात फळवा.