ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन या तयार डेकमधले खरे कामाचे पत्ते कोणते?

तुम्ही लिहिले आहे की लातूरला तुम्ही चौघे मित्र मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातला कमांडर हा प्रकार नुकताच खेळू लागला आहात, तुमच्या वाट्याला ड्रॅकॉनिक डिस्ट्रक्शन हा तयार डेक आला आहे, आणि त्यातले कोणते पत्ते ताकदीचे व कोणते निव्वळ भरतीचे, हे तुम्हाला ठरवता येत नाही. हातात मोठमोठे ड्रॅगन असूनही ते खाली उतरण्याआधीच डाव हातचा जातो, अशीही तुमची तक्रार आहे. मी छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहतो आणि आमच्या गटात हाच डेक खेळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो: या डेकची ताकद सात मानांच्या (माना म्हणजे पत्ता उतरवायला मोजावी लागणारी शक्ती, ती मुख्यतः जमिनीच्या पत्त्यांतून मिळते) ड्रॅगनांत नसून दोन-तीन मानांत येणाऱ्या किरकोळ दिसणाऱ्या पत्त्यांत आणि सॅव्हेज व्हेंटमॉ या एका मधल्या किमतीच्या ड्रॅगनमध्ये आहे.

हा डेक 2 डिसेंबर 2022 रोजी निघालेल्या स्टार्टर कमांडर मालिकेतला आहे. त्या मालिकेत पाच डेक होते, प्रत्येक दोन रंगांचा, आणि त्यांत एकही नवा पत्ता नव्हता. सगळे आधीच्या संचांतून पुन्हा छापलेले होते. त्यामुळे संग्राहकांनी या मालिकेकडे फारसे लक्ष दिले नाही, पण खेळणाऱ्याच्या दृष्टीने ते बरेच झाले, कारण अनेक वर्षांत कसाला लागलेले पत्ते एकाच खोक्यात मिळाले. ड्रॅगनस्पीकर शामन 2003 मधला आहे, क्रूसिबल ऑफ फायर 2008 मधला, तर कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या पत्ता, असलेली अटार्का, वर्ल्ड रेंडर आणि तिच्याबरोबरचे बरेच साथीदार 2015 मधले आहेत.

आता अटार्का. लाल आणि हिरवा धरून तिची किंमत सात माना आहे, ताकद 6 आणि तग 4. ती उडते, ट्रॅम्पल करते, म्हणजे अडवणाऱ्याला मारून उरलेले नुकसान भिडूपर्यंत पोहोचवते, आणि तुमचा कोणताही ड्रॅगन हल्ल्याला निघाला की त्याला त्या फेरीपुरता डबल स्ट्राइक देते, म्हणजे तो दोनदा मारतो. ती स्वतःही ड्रॅगनच असल्याने एका हल्ल्यात 12 नुकसान करते. कमांडरमध्ये प्रत्येकाचे आयुष्य 40 असले तरी एकाच कमांडरकडून 21 नुकसान झालेला भिडू बाद होतो, हे लक्षात घेतले तर अटार्काचे दोन हल्ले एका भिडूला पुरेसे आहेत. अडचण अशी की सात माना जमवून तुम्ही तिला उतरवता, ती पुढच्या फेरीपर्यंत हल्ला करू शकत नाही, आणि तोवर कोणीतरी तिला मारून टाकतो. चार तगाचा प्राणी मारणे या खेळात अवघड नाही. मग तिला कमांड झोनमधून, म्हणजे कमांडरच्या राखीव जागेतून, पुन्हा बोलवायला नऊ माना लागतात, त्यानंतर अकरा, आणि तिथे तुमचा डाव संपतो. नवशिके लोक या डेकने हरतात ते बहुतेक याच रीतीने.

म्हणून कोणताही पत्ता पारखताना मी एकच प्रश्न विचारतो: हा पत्ता अटार्काला किंवा दुसऱ्या ड्रॅगनला लवकर उतरवतो का, किंवा उतरल्याबरोबर कामाला लावतो का? या कसोटीवर पहिला क्रमांक ड्रॅगन टेम्पेस्टचा लागतो. दोन मानांचे हे एन्चांटमेंट, म्हणजे टेबलावर राहून काम करणारा मंत्राचा पत्ता. उडणारा कोणताही प्राणी तुमच्या बाजूला आला की त्याला हे हेस्ट देते, म्हणजे तो त्याच फेरीत हल्ला करू शकतो. शिवाय ड्रॅगन आला तर तुमच्याकडे तेव्हा जितके ड्रॅगन असतील तितके नुकसान तो हव्या त्या लक्ष्यावर करतो. टेम्पेस्ट टेबलावर असताना उतरलेली अटार्का त्याच फेरीत 12 मारते. समोरच्याला तयारीला फेरी मिळतच नाही.

दुसरा आणि तिसरा क्रमांक ड्रॅगनलॉर्ड्स सर्व्हंट व ड्रॅगनस्पीकर शामन यांचा. पहिला दोन मानांचा गॉब्लिन, ताकद 1, तग 3, आणि तो प्रत्येक ड्रॅगनची किंमत एका मानाने उतरवतो. दुसरा तीन मानांचा माणूस, तो ती दोन मानांनी उतरवतो. ही सवलत अटार्कालाही लागू पडते, हे नव्या खेळाडूंच्या लक्षात येत नाही. दोघेही टेबलावर असतील तर सात मानांची अटार्का चार मानांत येते, आणि ती एकदा मेल्यावर वाढलेली किंमतही त्याच सवलतीने खाली येते. आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार. या डेकमध्ये मात्र आड ड्रॅगनांनी भरलेला असतो आणि अडते ते पोहऱ्यावाचूनच. हे दोन पत्ते म्हणजे तो पोहरा. त्यांचा उपयोग अडवणारे म्हणून करू नका, कोणी आठ-दहा नुकसान घेऊन आला तरी ते सोसा, पण सर्व्हंटला मरायला पुढे करू नका.

आता व्हेंटमॉकडे येतो, कारण या डेकमधला सर्वांत कमी लेखला गेलेला पत्ता हाच, असे माझे मत आहे. सहा मानांचा, 4/4 (म्हणजे ताकद 4, तग 4), उडणारा ड्रॅगन. तो हल्ल्याला निघाला की तुम्हाला तीन लाल आणि तीन हिरव्या अशा सहा माना मिळतात, आणि एरवी टप्पा बदलला की उरलेल्या माना वाया जातात तशा या जात नाहीत; फेरी संपेपर्यंत त्या तुमच्याच असतात. म्हणजे हल्ला करायचा, आणि त्यानंतरच्या मुख्य टप्प्यात त्या सहा माना खर्चायच्या. बहुतेक लोक हे वाचतात आणि "छान आहे" म्हणून पुढे जातात. प्रत्यक्षात तो डाव कसा फिरवतो ते पाहा.

समजा दुसऱ्या फेरीला तुम्ही सर्व्हंट उतरवला आणि तिसऱ्या फेरीला टेम्पेस्ट. चौथ्या फेरीत काही मोठे घडले नाही असेच धरू. पाचव्या फेरीला तुमच्याकडे पाच जमिनी आहेत आणि सर्व्हंटमुळे व्हेंटमॉ पाच मानांत येतो. तो उतरताना टेम्पेस्टमुळे एक नुकसान करतो आणि त्याला हेस्ट मिळतो. तो लगेच हल्ला करून चार मारतो आणि सहा माना परत देतो. सर्व्हंट असल्यामुळे अटार्काला आता नेमक्या सहाच माना लागतात, त्यांत एक लाल आणि एक हिरवी असावी लागते, आणि व्हेंटमॉने दिलेल्या मानांत त्या दोन्ही आहेत. अटार्का पाचव्याच फेरीत, कोणत्याही जास्तीच्या जमिनीशिवाय, खाली येते आणि येताना आणखी दोन नुकसान करते. ती तोवर वाचली तर सहाव्या फेरीला अटार्काचे 12 आणि व्हेंटमॉचे 8 मिळून 20 नुकसान हवेतून येते, वर पुन्हा सहा माना. एक मात्र ध्यानात ठेवा: डबल स्ट्राइक मिळाला तरी माना बारा होत नाहीत, कारण माना हल्ल्याला निघताना मिळतात, नुकसान करताना नव्हे. या मुद्द्यावर आमच्याकडे एकदा बराच वाद झाला होता.

स्कर्ज ऑफ व्हाल्कस हा टेम्पेस्टचा जोडीदार. पाच माना, त्यांतल्या तीन लाल, 4/4. तो स्वतः आल्यावर आणि नंतर प्रत्येक ड्रॅगन आल्यावर ड्रॅगनांच्या संख्येइतके नुकसान करतो. दोघे टेबलावर असताना तिसरा ड्रॅगन उतरला तर सहा नुकसान नुसते उतरण्याने होते. यात हल्ला करावाच लागत नाही, म्हणून समोर जाळे विणून बसलेल्या, अडवणाऱ्या प्राण्यांच्या डेकविरुद्ध हीच जोडी कामाला येते.

थंडरब्रेक रीजंटबद्दल मी थोडा सावध आहे. चार मानांत 4/4 उडणारा ड्रॅगन ही किंमत म्हणूनच उत्तम आहे, आणि प्रतिस्पर्ध्याने तुमच्या कोणत्याही ड्रॅगनला लक्ष्य केले तर त्याला तीन नुकसान होते. एकास एक खेळात हे तीन नुकसान बोचते. चाळीस आयुष्याच्या चौघांच्या डावात ते कोणाला थांबवत नाही. शिवाय सगळेच प्राणी एकदम मारणारा पत्ता कोणालाच लक्ष्य करत नाही, त्यामुळे तिथे रीजंट गप्प बसतो. तरीही त्याला काढू नका, कारण चौथ्या फेरीला येणारा ड्रॅगन या डेकला हवाच आहे.

ड्रॅगनमास्टर आउटकास्ट हा एका लाल मानाचा 1/1 माणूस. तुमच्या फेरीच्या सुरुवातीला, म्हणजे अपकीपला, तुमच्याकडे सहा किंवा जास्त जमिनी असतील तर तो दर वेळी एक 5/5 उडणारा ड्रॅगन टोकन, म्हणजे डेकबाहेरचा, खुणेने दाखवायचा प्राणी, देतो. किंमत एक माना आहे म्हणून तो पहिल्याच फेरीला उतरवण्याचा मोह होतो. तसे करू नका. सहा जमिनी होईपर्यंत तो कोणाच्या तरी किरकोळ घावाने मरतो. सहा-सात जमिनी झाल्यावर, इतरांचे मारक पत्ते दुसऱ्या कोणावर खर्च झाल्याचे पाहून तो ठेवावा. त्याचे टोकनही ड्रॅगनच असल्यामुळे टेम्पेस्ट, स्कर्ज आणि अटार्का या तिघांचा लाभ त्याला मिळतो. टोकनचा पत्ता हाताशी नसेल तर आम्ही साध्या कॅटमधला किलवरचा एक्का ठेवतो आणि त्यावर एक फासा ठेवतो, नाहीतर उन्हाळ्यात कूलरच्या झोतात ड्रॅगन खरोखरच उडतो.

ड्रॅकुसेथ, मॉ ऑफ फ्लेम्स दिसायला सर्वांत भारी. सात माना, 7/7, हल्ल्याला निघाला की एका लक्ष्याला चार आणि आणखी दोघांना प्रत्येकी तीन नुकसान, म्हणजे अडवणारे कोण हे ठरण्याआधीच तो त्यांतले तिघे मारू शकतो. अटार्कासोबत तो 14 मारतो. पण तुमचे मित्र सांगतात तसा हा डेकचा कणा नव्हे. सुरुवातीच्या सात पत्त्यांत तो आणि आणखी दोन तसेच ड्रॅगन आले, तर तो हात मी पुन्हा पिसायला टाकतो. क्रूसिबल ऑफ फायर प्रत्येक ड्रॅगनला +3/+3 देते आणि अटार्काला 9/7 करते. वाढलेल्या तगाचा उपयोग आहे, पण ड्रॅगन नसताना चार मानांचा हा पत्ता नुसता पडून राहतो. डेक बदलायला घेतलात तर मी सर्वांत आधी यावरच विचार करीन.

जमिनींत हेवन ऑफ द स्पिरिट ड्रॅगन नीट जपून वापरा. ती ड्रॅगनसाठी कोणत्याही रंगाची माना देते, आणि पुढे दोन माना भरून तिचा त्याग केला तर मेलेला एक ड्रॅगन हातात परत येतो; व्हेंटमॉसाठी तिची गरज पडते. पाथ ऑफ ॲन्सेस्ट्री टॅप होऊन, म्हणजे आल्या फेरीला वापरता न येणारी अशी, येते, म्हणून ती पहिल्या फेरीलाच टाकावी. सोल रिंगबद्दल सांगायलाच नको. एका मानात दर फेरी दोन बिनरंगी माना, आणि अटार्काच्या सातपैकी पाच माना बिनरंगी चालतात.

लातूरला सुटे पत्ते मिळवायला टपालाचीच वाट पाहावी लागत असेल, म्हणून पहिल्यांदा एकच पत्ता मागवायचा तर लाइटनिंग ग्रीव्ह्ज मागवा आणि क्रूसिबलच्या जागी घाला. प्राण्याला चढवायच्या बुटांचा हा पत्ता दोन मानांत येतो, घालायला काही लागत नाही, हेस्ट देतो आणि श्राउडही देतो, म्हणजे अटार्काला कोणी लक्ष्य करू शकत नाही. त्यात तुम्हीही आलात. ती बूट घालून बसली असताना तिच्यावर तुमचा स्वतःचा ताकद वाढवणारा पत्ताही चालणार नाही, तेव्हा आधी बूट दुसऱ्या ड्रॅगनला चढवा आणि मग तो पत्ता खेळा.