राशी, पदावली, समीकरण: ‘सोडवा’ कुठे म्हणायचं?

प्रश्न असा आहे: ‘३क्ष + ५क्ष − १६ ला सरळ रूप द्या’ या गणितात मुलीने ८क्ष − १६ लिहिलं, मग स्वतःहून ‘= ०’ जोडून क्ष = २ काढलं. बाईंनी पुढच्या सगळ्यावर फुली मारली. पुस्तकात राशी, पदावली, समीकरण असे तीन शब्द येतात, त्यांत फरक काय?

फुली योग्यच आहे. का, ते या शब्दांतच सापडतं.

‘पद’ हा शब्द व्याकरणातही आहे. प्रत्यय लागून वाक्यात बसायला तयार झालेला शब्द म्हणजे पद. ‘आवली’ म्हणजे ओळ, नामावलीतली. तेव्हा पदावली ही नुसती पदांची ओळ. ‘शेजारच्या घराचं उंच दार’ एवढंच कोणी म्हटलं, तर आपण ‘खरं की खोटं?’ असं विचारत नाही, ‘त्याचं काय?’ असं विचारतो. ८क्ष − १६ अगदी तसंच आहे. त्यात क्रियापद नाही. ते एका संख्येचं वर्णन आहे. क्ष ५ असेल तर ती संख्या २४, क्ष १ असेल तर उणे ८.

समीकरण म्हणजे मात्र पूर्ण वाक्य. एकीकरण, शुद्धीकरण यांच्यासारखाच घडलेला शब्द: सम नसलेलं सम करणं. ‘=’ हे त्यातलं क्रियापद. ८क्ष − १६ = ० हे विधान आहे आणि क्ष २ असेल तेव्हाच ते खरं ठरतं. ती किंमत म्हणजे समीकरणाची उकल. मूळ गणितात हे विधान नव्हतंच, मुलीने ते पदरचं घातलं.

म्हणून क्रियापदं जपून वापरावीत. पदावलीला सरळ रूप द्यावं, तिची किंमत काढावी, अवयव पाडावेत. सोडवायचं ते समीकरण. नुसत्या अंकांच्या १५ + ३ × ४ सारख्या पदावलीलाही ‘सोडवा’ म्हणायची सवय आहे, आणि माझ्या मते गोंधळ तिथूनच सुरू होतो. तिथेही ‘किंमत काढा’ म्हणावं.

राहिला ‘राशी’. राशी म्हणजे रास, ढीग. त्यावरून गणितात परिमाण किंवा संख्या. त्रैराशिकात तीन राशी दिलेल्या असतात ना, तोच हा शब्द. ८क्ष − १६ सारखी अक्षरं असलेली पदावली म्हणजे बैजिक राशी. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे जेवढं असेल तेवढं. मला हा शब्द फार आवडतो, कारण किंमत ठाऊक नसतानाही तिच्याशी काम करता येतं हे त्यात स्पष्ट आहे. आणखी अज्ञात राशी आल्या की रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लिहिताना आद्याक्षरं घेत आणि ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणत, म्हणून तिच्याआधी ‘रू’. आपली राशी ‘या ८ रू १६’ अशी लिहिली असती, ऋण दाखवायला १६ वर टिंब देऊन. (आपला क्ष तर गणिताबाहेरही पोचला. १८९५ साली राँटगेनने अज्ञात किरणांना एक्स म्हटलं, मराठीत ते क्ष-किरण झाले.)

शब्दांतून राशी लिहिताना मराठीतला ‘यांच्या’ नीट ऐकावा, कारण तो कंसाचं काम करतो. ‘क्ष आणि ४ यांच्या बेरजेची दुप्पट’ म्हणजे २(क्ष + ४). ‘क्षची दुप्पट अधिक ४’ म्हणजे २क्ष + ४. क्ष ३ घेतला तर पहिलीची किंमत १४, दुसरीची १०. ‘तीन पटीने जास्त’ हा प्रयोग मी टाळतो. कोणी त्याचा अर्थ ३क्ष घेतो, कोणी मुळात तिप्पट मिळवून ४क्ष. ‘तिप्पट’ म्हटलं की वादच नाही.

मुलीला ८क्ष − १६ मोठ्याने वाचायला सांगा: ‘क्षच्या आठपटीतून १६ वजा केल्यावर उरणारी संख्या’. पुढे ‘शून्य आहे’ असं गणितात कुठे लिहिलंय का, ते तिला शोधू द्या. नसेल तर पेन तिथेच खाली.